विहिरीतला टप्पा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात कशावर लिहावे याचे काही अलिखित संकेत आहेत. पाऊस, आई, गावची जत्रा, वसतिगृहातली पहिली रात्र हे विषय दरवर्षी येतात आणि यायलाच हवेत. मी यंदा पंपावर लिहिणार आहे. मैत्रिणींना सांगितले तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या. पण गेल्या काही वर्षांत आमच्या घरात ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त बोलणे झाले, भांडण झाले आणि रडणेही झाले, ती गोष्ट पाण्याचा पंप हीच आहे. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

आमचे शेत राळेगाव तालुक्यात. जमीन काळी, कपाशीची. खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. विहीर आबाजींनी खोदली. खोली बेचाळीस फूट. वरचे वीस फूट दगडी बांधकाम, आणि ते जिथे संपते तिथे एका अंगाला मुरमात कोरून काढलेला टप्पा, म्हणजे विहिरीच्या पोटातला एक कोनाडाच. पाच फूट लांब, तीन फूट रुंद. लहानपणी मला तो टप्पा एखाद्या गुहेसारखा वाटे. त्यावर आमचे ऑइल इंजिन आणि त्याला जोडलेला पंप बसलेला असे. दिवाळीनंतर चेनपुलीने खाली उतरवायचा आणि मृगापूर्वी वर काढायचा, कारण श्रावणात पाणी टप्प्याच्याही वर चढते. इंजिन वर काढण्याच्या दिवशी गावातली सात-आठ माणसे लागत आणि आई त्यांच्यासाठी पिठलं-भाकर करी.

इंजिन विहिरीत का उतरवायचे? काठावर ठेवून वरूनच पाणी का ओढायचे नाही? हा प्रश्न मी काकांना पाचवीत असताना विचारला होता. काका म्हणाले, "वरून पानी येत नाई वं पोरी. त्याले तेवढा दम नसते." दम नसतो हे उत्तर मला तेव्हा पटले नाही. पुढे अकरावीत असताना आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी ते नीट समजावून दिले. पंप पाणी ओढत नाहीच म्हणे. तो पाइपातली हवा काढून घेतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्या दाबाची ताकद समुद्रसपाटीला फार तर चौतीस फूट. पाइपातले घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा, पंपाची स्वतःची गरज हे सगळे वजा केले की वीस-बावीस फुटांवर भिस्त ठेवावी. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की ओढपंपाने अठरा हातांवर पाणी चढत नाही. कारण मात्र त्याला नीट उलगडले नव्हते. ते त्याचा शिष्य टोरिचेली याने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी अडतीस फुटांवर जाते. काठावरून ते येणे शक्यच नाही. वीस फुटांवरच्या टप्प्यावरून मात्र अंतर अठरा फूट उरते, आणि ते जमते. इटलीत जे कळायला मोठमोठ्या पंडितांना झगडावे लागले, ते आमच्या आबाजींनी कुदळीने मुरमात कोरून ठेवले होते. काकांचे 'दम नसते' हे उत्तर तसे बरोबरच होते की!

आता त्या डिसेंबरकडे वळते. ते लिहायला मला आजही जड जाते.

सन २०१७. हरभऱ्याला दुसरे पाणी द्यायचे होते. सकाळी धुके होते, वारा मुळीच नव्हता. काका खाली उतरले, हॅण्डल मारले, इंजिन सुरू झाले. धूर बाहेर जावा म्हणून टप्प्यापासून काठापर्यंत लोखंडी धुराडे लावलेले होते. त्याचा खालचा एल्बो गंजून फुटला होता, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. पंपाच्या ग्लॅंडमधून पाणी गळत होते म्हणून काका पाना घेऊन दोरी आवळत तिथेच बसले. मी थारोळ्याजवळ उभी. पाणी येत होते. थोड्या वेळाने मी हाक मारली, "काका, चहा आनू का?" उत्तर आले नाही. इंजिनच्या आवाजात ऐकू गेले नसेल असे वाटले. दुसऱ्यांदा हाक मारली. मग कठड्यावरून वाकून पाहिले तर विहिरीत निळसर धूर भरलेला आणि काका इंजिनाला टेकून बसल्यासारखे, मान छातीवर.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. बाबा दोन बांध ओलांडून धावत आले. शेजारचे लोकही आले. कुणी म्हणाले आधी दिवा सोडून पाहा, कुणी म्हणाले उतरू नका, उतरलात तर दोघे जाल. बाबांनी कमरेला दोर बांधला, तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळला आणि श्वास रोखून उतरले. इंजिन बंद केले, काकांच्या बगलेतून दोर घातला आणि वर ओरडले. ओल्या कापडाने हा विषारी वायू अडत नाही हे मला पुढे वाचून कळले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. बाबांना त्या दिवशी त्यांच्या छातीतल्या श्वासाने आणि वरच्या माणसांच्या दंडांनी वाचवले, दुपट्ट्याने नव्हे.

काका वाचले. यवतमाळला नऊ दिवस होते. पण घरी आले ते पूर्वीचे काका नव्हते. उजवा हात थरथरतो. बोलताना मध्येच शब्द हरवतो, मग ते समोरच्याकडे असे पाहतात की जणू तो शब्द त्यानेच लपवून ठेवला आहे. विहिरीकडे त्यांनी पाठ फिरवली. शेतात येत, पण विहिरीच्या अंगाने नाही, वळसा घालून.

यानंतर घरात एकच गोष्ट ठरली: इंजिन नको. पण इंजिन नको म्हणणे सोपे असते. विजेच्या जोडणीचे पैसे बाबांनी केव्हाच भरले होते. नंबर लागत नव्हता. त्या उन्हाळ्यात धुराडे नवे करून, खाली कुणी थांबायचे नाही अशी शपथ घालून, तेच इंजिन चालवावे लागले. कपाशीला पाणी लागतेच. आपल्या दुःखासाठी ती थांबत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात टप्प्याचा बाहेरचा कोपरा ढासळला. इंजिन तेव्हा गोठ्यात होते म्हणून बरे. पाणी उतरल्यावर बाबांनी दोर सोडून माप घेतले. पाच फुटांचा टप्पा तीन फुटांवर आला होता, आणि रुंदी जेमतेम अडीच फूट. त्यातच ऑक्टोबरात, कुणी आशा करीत नसताना, खांब आले, तार आली, मीटरची पेटी आली. वीज मिळाली. आता इंजिनच्या जागी काय बसवायचे, आणि तेही अडीच फूट बाय तीन फूट जागेत?

पहिला सल्ला गावच्या मिस्त्रीचा. "पंप जुना ठेवा. चांगला बिडाचा हाये. इंजिन काढा, मोटर लावा. अर्ध्या पैशात काम होते." बाबांना ते पटले. मलाही पटले असते. पण मी सरांकडे पंपावरची पितळी पट्टी उतरवून नेली होती. सर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हा पंप मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचा आहे. बाजारात सहज मिळणारी मोटर दोन हजार आठशे ऐंशी फेऱ्यांची. हिशेब कर." फळ्यावर त्यांनीच करून दाखवला. पंपाची गती दुप्पट केली तर पाणी दुप्पट होते, पाणी चढवण्याची उंची चौपट, आणि लागणारी शक्ती आठपट! आमच्या बाबतीत गती दुपटीला थोडी कमी, म्हणजे शक्ती सातपट धरा. तीन अश्वशक्तीची मोटर त्या पंपाला जोडली असती तर संध्याकाळपर्यंत तिचा कोळसा झाला असता. पंधराशेच्या आसपास फिरणारी मोटरही मिळते. पण ती जड, आणि मोटर, कपलिंग, पंप हे सगळे एका चौकटीवर ओळीने मांडायचे म्हणजे साडेतीन-चार फूट लांबी झालीच. टप्पा तीन फूट. शिवाय फूटव्हॉल्व्ह सुटला तर पंपात पाणी भरायला माणसाने उभे राहायचे कुठे?

मी हे घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" रागाने नव्हे, खरेच विचारत होते. मी वहीच पुढे केली. ती त्यांनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बरं. मंग तूच चाल दुकानात."

दसरा झाला होता. सीतादही करून पहिली वेचणी नुकतीच घरात आली होती. यवतमाळच्या दुकानात आम्ही दोघे गेलो. दुकानदार माझ्याकडे न पाहता बाबांशी बोलत होता. पाच अश्वशक्तीचा घ्या, सत्तर मीटर पाणी फेकतो, पुढे शेत वाढवले तरी चिंता नाही, वगैरे. मी हिशेब करून नेला होता. उन्हाळ्यातले पाणी अडतीस फुटांवर; वरचे वावर काठापासून दहा फूट उंच; पाइपातल्या घर्षणासाठी सतरा-अठरा फूट. सगळे मिळून पासष्ट फूट, म्हणजे वीस मीटर. विहिरीचा झरा पाहता सेकंदाला पाच लिटरपेक्षा जास्त उपसा परवडणार नाही. पाच गुणिले वीस, भागिले पंच्याहत्तर, म्हणजे सव्वा अश्वशक्तीच्या थोडे वर. पंपाच्या पोटात अर्धीअधिक शक्ती वाया जाते असे धरले तरी तीन पुरे. सत्तर मीटरचा पंप वीस मीटरवर चालवला तर तो जास्त पाणी फेकतो, जास्त वीज ओढतो, मोटर तापते आणि विहीर तासाभरात कोरडी पडते. हे मी एका दमात म्हणून टाकले. दुकानदार प्रथमच माझ्याकडे वळला आणि विचारले, "इंजिनिअरिंगला आहे का?" बाबा म्हणाले, "नाई. आर्टला." तो 'आर्टला' शब्द बाबांनी ज्या थाटात उच्चारला, तसा तो या महाविद्यालयातही कुणी उच्चारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तीन अश्वशक्ती ठरली. आता दोन जाती समोर होत्या. एक मोनोब्लॉक: मोटर आणि पंप एकाच दांड्यावर, कपलिंग नाही, लांबी दोन फुटांच्या आसपास. टप्प्यावर आरामात बसणारा. दुसरी पाणबुडी मोटर, जिला दुकानात ओपनवेल म्हणतात. ती सरळ पाण्यातच सोडून द्यायची. टप्प्याची गरज नाही, फूटव्हॉल्व्ह नाही, पाणी भरण्याची कटकट नाही, पावसाळ्यात वर काढणे नाही. किंमत मात्र जास्त.

बाबांचे मन मोनोब्लॉककडे. त्यांची कारणे हलकी नव्हती. मोनोब्लॉक जळला तर राळेगावात कुणीही वाइंडिंग करून देतो. पाणबुडीच्या मोटरीत पाणी भरलेले असते. तिच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असते, तिचे काम करणारा कारागीर वेगळा, आणि तो यवतमाळला. मे महिन्यात विहिरीत चार-पाच फूटच पाणी राहते. मोटर उघडी पडली तर थंड कशाने होणार? तळाचा गाळ तिच्या पोटात गेला तर? डोळ्यांपुढे असलेल्या वस्तूवर भरवसा ठेवावा, पाण्याखालच्यावर कसा ठेवायचा, हा त्यांचा खरा मुद्दा होता.

दोन दिवस हा वाद चालला. पण त्या वादावर एक सावली होती, ती सांगितली पाहिजे. आमच्या फीडरला शेतीची वीज पाळीपाळीने येई. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आणि २०१८ चा तो ऑक्टोबर म्हणजे राळेगाव आणि पांढरकवड्याच्या टापूत वाघिणीचा ऑक्टोबर होता. टी-१ असे वनखात्याने नाव दिलेल्या आणि वर्तमानपत्रांत अवनी म्हणून गाजलेल्या त्या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. दिवस मावळला की रस्ते ओस पडत. गुराखी टोळीने जात. पुण्या-मुंबईला तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. त्या लावणाऱ्यांच्या मनातली कणव खोटी होती असे मी म्हणत नाही. पण त्यांच्यापैकी कुणाला रात्री साडेबाराला हरभरा ओलायला जायचे नव्हते. ते जाऊ द्या.

मोनोब्लॉकचा फूटव्हॉल्व्ह गळला आणि पंपातले पाणी उतरले, तर रात्री कुणीतरी बॅटरी घेऊन दोर धरून टप्प्यावर उतरायला हवे. ढासळलेल्या, ओल्या, अडीच फुटांच्या टप्प्यावर. कोण उतरणार? हा प्रश्न मी विचारला नाही. आईनेही नाही. जेवणाच्या ताटावर काका बसले होते. ते या चर्चेत कधी पडले नव्हते. डाव्या हाताने घास मोडता मोडता म्हणाले, "खाली..." आणि शब्द हरवला. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने तो सापडला. "खाली उतरा लागन, असं काईच घेऊ नोको, दादा."

बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाणबुडी मोटर आली. तिची किंमत म्हणजे चार क्विंटल कापूस. त्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,४५० रुपये होता, यावरून वाचकांनी अंदाज करावा.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलालगत ती वाघीण मारली गेली. आमच्या भागात काही ठिकाणी लोकांनी फटाके लावले. माझ्या घरी कुणी लावले नाहीत. पण त्या रात्रीनंतर आई पहिल्यांदा नीट झोपली, हे मी लपवणार नाही.

दिवाळी आटोपून मोटर सोडली. गाळाची भीती होती म्हणून तळाशी दोन मोठे सपाट दगड टाकून त्यांवर लोखंडी घोडी ठेवली आणि मोटर तिच्यावर आडवी बसवली. एक फेज गेली तर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था स्टार्टरच्या पेटीतच करून घेतली. शेजारी म्हणाले, ऑटोस्विच बसवा, वीज आली की मोटर आपली आपण सुरू होते, तुम्ही घरी झोपा. पाणबुडीला ते चालतेही. पण वीज येताक्षणी गावातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीचा जीव जातो, हे आम्ही पाहिले होते. आणि आमचे पाणी सऱ्यांनी वाहते. ते वळवायला फावडे घेऊन माणूस लागतोच. तेव्हा रात्रीची जागरणे काही सुटली नाहीत. नवे यंत्र आले आणि सर्व सुखाचे झाले, असे लिहिले तर बाबा मला विचारतील. रात्रीच्या पाळीला ते आजही जातात, अंगावर घोंगडे आणि हातात बॅटरी. रानडुकरे आहेत, साप आहेत. फक्त विहिरीत कुणी उतरत नाही.

पहिल्या रात्री मी हट्टाने गेले होते. साडेबाराला पेटीतला दिवा लागला. बाबांनी हिरवे बटण दाबले आणि आम्ही ऐकत उभे राहिलो. काहीच ऐकू आले नाही. इंजिन चालू असले की त्याचा ठोका अर्ध्या कोसावर गावात ऐकू जाई. आई त्या ठोक्यावरून भाकरी टाकायची वेळ ठरवी. इथे तर नुसती शांतता. बाबा म्हणाले, "चालू झाली का नाई?" आणि लाल बटणाकडे हात नेला. इतक्यात पाइप एकदा खोकल्यासारखा झाला, हवेचे दोन भपकारे आले आणि थारोळ्यात पाणी पडले.

जुने इंजिन गोठ्यात आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. बाबा त्याला भाव विचारतात आणि परत पाठवतात. त्याच्या डिझेलच्या टाकीमागे एक कोंबडी अंडी घालते.

काकांचे सांगायचे राहिले. पुढच्या मे महिन्यात मी सुटीला घरी होते. दुपारी मोटर चालू होती. पाहते तो काका विहिरीच्या वाटेने येत होते, वळसा न घालता. कठड्यापाशी आले, खाली डोकावले नाही. थारोळ्याच्या काठावर बसले आणि उजवा हात पाण्याच्या धारेखाली धरला. धार जोराची होती, त्यामुळे हात थरथरतो की पाण्याने हलतो ते कळत नव्हते.

"आवाज येत नाई का वं हिचा?" त्यांनी विचारले.

"नाई येत, काका."

"बरं हाये," ते म्हणाले, आणि हात तसाच धरून बसले.